सूर आणि सही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी स्वतःची गाणी करतो. चाली माझ्या, शब्द मैत्रिणीचे. एका म्युझिक लेबलला आमची काही गाणी आवडली आणि त्यांनी मेलवर इंग्रजीत करार पाठवला. मानधन एकदाच मिळणार. त्या बदल्यात ‘सर्व हक्क, कायमचे, जगभर, आजच्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी’ त्यांचे. नवीन कलाकारांचा करार असाच असतो, शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा, असं ते म्हणतात. घरचेही म्हणतात, पैसे राहू देत, नाव तर होईल. काय करू?

उत्तर : शुक्रवारी सही करू नका. वाचायला वेळ हवा म्हणून मुदत मागा. एवढ्यावरून जे लेबल माघार घेईल, ते पुढे हिशेब मागितल्यावर काय करेल याचा अंदाज तुम्हाला आत्ताच येईल.

मी बरीच वर्षं स्टुडिओत संगीत संयोजन केलं. उत्तम संगीतकार अशा कागदांवर रेकॉर्डिंगच्या गडबडीत, वादक खोळंबलेले असताना, मांडीवर कागद ठेवून सही करताना मी पाहिले आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण ‘गाणं’ म्हणतो त्यात कायद्याच्या नजरेने वेगवेगळे हक्क असतात. शब्दांवर तुमच्या मैत्रिणीचा, चालीवर तुमचा, गायनावर गायकाचा आणि मुद्रणावर, म्हणजे मास्टरवर, ते करून घेणाऱ्या निर्मात्याचा. रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः, स्वतःच्या खर्चाने केलं असेल तर मास्टरही तुमचाच. मग लेबल तुमच्याकडून फक्त चाल नाही, मास्टरसुद्धा घेतं आहे, आणि त्याचा मोबदला वेगळा ठरायला हवा. शिवाय मैत्रिणीच्या शब्दांचा हक्क तुम्हाला देताच येत नाही. करारावर तिची वेगळी सही आणि तिचं वेगळं मानधन हवं. गाणं तिसऱ्या कुणी गायलं असेल तर त्याचंही.

आता ‘सर्व हक्क, कायमचे’ याबद्दल. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक निर्माताच. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याच निकालात, गायकाच्या वाट्याला तर काहीच हक्क नाही, याकडे लक्ष वेधलं होतं. पुढची पस्तीस वर्षं गीतकार-संगीतकार एकरकमी पैसे घेऊन घरी गेले. रॉयल्टीसाठी लता मंगेशकरांनी त्याही आधी भांडण मांडलं होतं, त्यापायी मोहम्मद रफींबरोबर काही काळ गायच्याही थांबल्या. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हा विषय लावून धरला, आणि २०१२ साली १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. २१ जून २०१२ पासून ती लागू आहे.

या दुरुस्तीमुळे तुमच्यासाठी काय बदललं? चित्रपटात नसलेलं गाणं कुठल्याही प्रकारे वापरलं गेलं, की शब्द आणि चाल यांच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा वाटा हक्क घेणाऱ्या कंपनीच्या बरोबरीने असतो. हा वाटा तुम्ही सोडूही शकत नाही आणि कंपनीला विकूही शकत नाही. वारसांना किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीला तेवढा देता येतो. कराराने उलट काही लिहिलं तरी ते कलम रद्दबातल ठरतं. ‘पुढे येणारी सर्व माध्यमं’ हेही तसंच: सही करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, ते कराराने नाव घेऊन सांगितलं नसेल तर त्याला तो लागू होत नाही.

आणखी दोन गोष्टी कलम १९ मध्ये आहेत. हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द आठवणीने घालतात. तुम्ही ठरावीक वर्षांची मुदत मागा. एका वर्षात गाणं प्रसिद्ध केलं नाही तर हक्क परत, हेही लिहून घ्या. वर्षभर वापर न झाल्यास हस्तांतरण संपतं असं कायदा म्हणतोच, पण ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’ ही अट त्याला जोडलेली आहे, आणि सोळाव्या पानावर ते वेगळं ठरलेलं असू शकतं.

कायद्याने दिलेला वाटा घरबसल्या मात्र येत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करते. तुम्ही दोघं तिचे सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं कुणाचा किती वाटा आहे यासह नोंदवा. ज्या गाण्याची नोंद नाही, त्याचे पैसे कुणाला द्यायचे हे संस्थेला कळणार कसं? मुद्रणाचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांकही जपून ठेवा. तो रेकॉर्डिंगचा असतो, चालीचा नव्हे. एकाच गाण्याच्या दोन मुद्रणांना दोन क्रमांक लागतात.

वादकांबद्दल मला बोलल्याशिवाय राहवत नाही. बासरीचा जो तुकडा ऐकून लोक तुमचं गाणं ओळखतील, तो वाजवणारा शिफ्टचे पैसे घेऊन जातो आणि नावातही कुठे नसतो. कायद्याच्या लेखी तोही कलाकारच आहे. गाणं अपलोड करताना श्रेयात वादकांची नावं भरायला लावा. तेवढं तरी करारात घाला.

मग हा करार घेऊन वकिलाकडे जा, आणि कॉपीराइटचं काम करणाऱ्याच वकिलाकडे जा.

प्रश्न : मी तुकोबांचा एक अभंग पारंपरिक चालीत गायले आणि यूट्यूबवर टाकला. दोन दिवसांत एका कंपनीचा ‘कॉपीराइट क्लेम’ आला. अभंग कुणाच्या मालकीचा कसा असेल? चॅनेल बंद होईल का?

उत्तर : तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. सतराव्या शतकातल्या रचनेवर आज कुणाचाही कॉपीराइट नाही. चालीचं मात्र नीट तपासा. शिकवताना ‘पारंपरिक’ म्हणून दिलेल्या कित्येक चाली कुणा संगीतकाराने बांधलेल्या असतात आणि ऐकून ऐकून लोकांच्या झालेल्या असतात. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. श्रीनिवास खळे २०११ साली गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. शब्द तुकोबांचे असले तरी.

चाल खरोखर परंपरेतली असेल तर दुसरी शंका : मागे तुम्ही कराओके ट्रॅक लावला होता का? पुष्कळदा दावा त्याच्यावरच आलेला असतो. तो ट्रॅक म्हणजे कुणाचं तरी मुद्रण आहे, आणि यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते बरोबर ओळखते. तबला-पेटीसह स्वतः गायला असाल, तर ‘डिस्प्यूट’ नोंदवा. शब्द कुणाचे, चाल कुठून आली, साथ कुणाची, हे सरळ लिहा. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात, आणि त्याने उत्तर दिलं नाही तर दावा आपोआप सुटतो. पण चाल दुसऱ्याची असेल तर डिस्प्यूट करू नका. ते खोटं ठरतं, आणि ज्याची चाल आहे त्याच्यावर अन्यायही.

क्लेमने चॅनेल बंद होत नाही, जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जाऊ शकतात किंवा तो व्हिडिओ अडवला जाऊ शकतो, इतकंच. ‘स्ट्राइक’, म्हणजे हक्कदाराच्या कायदेशीर मागणीवरून व्हिडिओच काढला जाणं, ही वेगळी गोष्ट. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेल जाऊ शकतं.

प्रश्न : मुलगी पदवीनंतर पूर्ण वेळ गाणंच करणार म्हणते. स्पॉटिफायवर तिची गाणी आहेत, ऐकणारेही आहेत, पण पैसे नगण्य. वडील म्हणून मला काळजी वाटते.

उत्तर : काळजी रास्त आहे, पण नुसत्या स्ट्रीमिंगकडे पाहून तिचं भवितव्य ठरवू नका. तिथे प्रत्येक ऐकण्याला ठरलेला भाव नसतो. महिन्याची जमा एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात वाटली जाते, म्हणून मोठ्या नावांकडे मोठा हिस्सा जातो. २०२४ पासून तर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय मुद्रणाची रॉयल्टीच देत नाही. माझ्या ओळखीतल्या गाऊन जगणाऱ्यांचं घर चालतं ते कार्यक्रम, शिकवणी, जाहिराती आणि मालिकांच्या कामावर. स्ट्रीमिंगमुळे त्यांचा आवाज काम देणाऱ्यांपर्यंत पोचतो.

तिला विचारा : गेल्या वर्षी किती गाण्यांचे मास्टर तुझ्या नावावर राहिले? याचं उत्तर तिला येत असेल तर ती हे काम गंभीरपणे करते आहे. आणि पैसे देऊन ऐकण्याचे आकडे वाढवून देतो म्हणणारे तिला नक्की भेटतील. त्यांना तुम्ही दोघांनीही दारात उभं करू नका. खोटे आकडे पकडले जातात, आणि गाणीच काढून टाकली जातात.

प्रश्न : तीस सेकंदांपर्यंत कुणाचंही गाणं वापरलं तर चालतं ना?

उत्तर : नाही. असा नियम कुठल्याही कलमात नाही. रीलसाठी इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या संग्रहातलं गाणं वापरता येतं, कारण त्याची परवानगी त्यांनी घेतलेली असते. पण तीच रील उतरवून तुमच्या क्लासच्या किंवा दुकानाच्या जाहिरातीत लावलीत, तर ती परवानगी तिथे चालत नाही. त्यासाठी शब्द, चाल आणि मुद्रण यांच्या मालकांकडून वेगळी लेखी संमती घ्यावी लागेल.