सुनील छेत्री खरंच मेस्सीच्या पुढे होता का? त्याचे विक्रम आणि पुरस्कार नेमके किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातला एक जण म्हणतो की आपला सुनील छेत्री एके काळी आंतरराष्ट्रीय गोलांच्या यादीत मेस्सीच्याही पुढे होता. तुम्हाला ती थाप वाटली, वडापावची पैज लागली, आणि आता छेत्रीच्या नावावर नेमकं काय काय आहे ते तुम्हाला हवं आहे.

पैज हरलात. वडापाव आणा. मात्र तो हातात ठेवताना समोरच्याला दोन गोष्टी ऐकवता येतील, त्याही खाली देतो.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळेल. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा असतो. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ असे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की घरातल्या घरात अबोला होतो. वर्ल्ड कप आला की चौकाचौकात मेस्सी, रोनाल्डो, नेमार यांचे दोन मजली कटआउट लागतात. छेत्रीचा मात्र मला आजवर एकदाही दिसला नाही. तेव्हा तुमच्या अविश्वासाचं मला नवल वाटत नाही.

आता आकडे. छेत्रीचे भारतासाठी 95 गोल आहेत. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या आजवरच्या यादीत त्याच्या वर तीनच नावं: रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई. तुमच्या मित्राचं म्हणणं नेमकं कुठे बसतं तेही सांगतो. जून 2018 मध्ये छेत्री 64 गोलांवर पोहोचला आणि तेव्हा मेस्सीचेही 64 होते. जानेवारी 2019 मध्ये अबुधाबीत आशिया कपला थायलंडविरुद्ध त्याने दोन मारले, भारत 4-1 जिंकला, आणि छेत्री 67, मेस्सी 65 असा हिशेब झाला. जून 2021 मध्ये बांगलादेशविरुद्ध दोन गोल केल्यावर पुन्हा छेत्री 74, मेस्सी 72. म्हणजे एकदा नव्हे, दोनदा पुढे होता. पुढे मेस्सीने सुसाट धाव घेतली आणि तो निसटला.

ऑक्टोबर 2021 मात्र गमतीचा महिना होता. मालदीवची राजधानी मालेमध्ये सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा चालू होती. 10 तारखेला छेत्रीने 77 वा गोल करून पेलेची बरोबरी केली, 13 तारखेला मालदीवविरुद्ध दोन मारून तो पुढे गेला आणि 16 तारखेला अंतिम सामन्यात 80 वा मारून मेस्सीला पुन्हा एकदा गाठलं. यातला 77 वा आणि 80 वा, दोन्ही नेपाळविरुद्ध. छेत्रीची आई आणि तिची जुळी बहीण या दोघी नेपाळच्या महिला संघातून खेळलेल्या. म्हणजे गडी पेलेलाही गाठतो आणि मेस्सीलाही गाठतो, ते आजोळच्या जाळ्यात गोल मारून. घरी गेल्यावर आईने काय ऐकवलं असेल कोण जाणे.

(वडील सैन्यात होते, त्यामुळे जन्म सिकंदराबादचा, 3 ऑगस्ट 1984. शाळा गावोगावच्या.)

आता मित्राला ऐकवायची पहिली गोष्ट. हे गोल कुणाविरुद्ध झाले? नेपाळ, मालदीव, बांगलादेश, अफगाणिस्तान, पाकिस्तान अशा शेजाऱ्यांविरुद्ध बरेच. भारत वर्ल्ड कपला कधी खेळलेला नाही, त्यामुळे ब्राझील-जर्मनीविरुद्ध त्याचा कस लागण्याची वेळच आली नाही. मेस्सीशी गुणवत्तेची तुलना कुणी करत असेल तर ती सोडून द्यावी. स्वतः छेत्रीच ती तुलना प्रत्येक वेळी झटकून टाकत आला आहे. पण म्हणून आकडा खोटा ठरत नाही. अली दाईने शंभरी पार केली ती लाओसविरुद्ध चार गोल मारून, तरी त्याच्या आकड्यावर कुणी नाक मुरडत नाही. समोर जो संघ येईल त्याच्याशीच खेळावं लागतं.

शिवाय मोठ्या संघांसमोर त्याचं खातं अगदीच कोरंही नाही. 2011 च्या आशिया कपमध्ये भारत तिन्ही सामने हरला, पण बहरीन आणि दक्षिण कोरिया दोघांविरुद्ध छेत्रीचा गोल आहे. त्या स्पर्धेचं तिकीट कसं मिळालं ते लोक विसरतात. 13 ऑगस्ट 2008, दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम, एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज कपचा अंतिम सामना, समोर ताजिकिस्तान. भारत 4-1 ने जिंकला, त्यात छेत्रीचे तीन. 1984 नंतर प्रथमच भारत आशिया कपच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला, तोही 27 वर्षांनी. मला विचाराल तर पेले-मेस्सीच्या बरोबरीपेक्षा ही हॅटट्रिक मोठी आहे. बरोबरीने वर्तमानपत्राचा मथळा झाला, हिने देशाला स्पर्धेत नेलं.

हॅटट्रिकवरून आठवलं. भारतासाठी त्याच्या चार हॅटट्रिक आहेत, आणि त्यातल्या दोन महाराष्ट्रात झाल्या, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. दिल्लीची ती पहिली. दुसरी ऑक्टोबर 2010 मध्ये पुण्यात, बालेवाडीला, व्हिएतनामविरुद्ध, भारत 3-1. तिसरी 1 जून 2018 ला अंधेरीत चायनीज तैपेई, म्हणजे तैवानविरुद्ध, भारत 5-0. चौथी 2023 ला बेंगळुरूत पाकिस्तानविरुद्ध.

त्या तिसरीबद्दल जरा सविस्तर, कारण त्यानंतरच्या सामन्याला मी हजर होतो.

अंधेरीच्या त्या हॅटट्रिकच्या दिवशी अधिकृत प्रेक्षकसंख्या होती 2,569. मुंबईसारख्या शहरात! छेत्रीने दुसऱ्या दिवशी एक छोटा व्हिडिओ टाकला. हात जोडून म्हणाला की शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन द्या. त्यात आव नव्हता, थोडा ओशाळलेपणाच होता. विराट कोहलीने तो पुढे पाठवला आणि दोन दिवसांत तिकिटं संपली. 4 जूनचा केनियाविरुद्धचा सामना छेत्रीचा शंभरावा होता.

मी तेव्हा नोकरीमुळे मुंबईत होतो. खरं सांगायचं तर मीही त्या 2,569 मध्ये नव्हतो, व्हिडिओ पाहून लाजून गेलेल्यांपैकीच. लोकलमधून उतरलो तोवर आभाळ फाटलं होतं. स्टँडमध्ये माझ्या पुढच्या रांगेत एक काका नातवाला घेऊन आले होते. पोराच्या अंगात अर्जेंटिनाचा दहा नंबरचा शर्ट, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा रेनकोट, आणि आतून तो दहा आकडा धुक्यातून दिसावा तसा दिसत होता. मैदानात इतकं पाणी की जमिनीलगतचा पास मध्येच डबक्यात बसायचा आणि दोन्ही बाजूचे खेळाडू त्याच्यावर तुटून पडायचे. हाफ टाइमला 0-0. काका म्हणाले, "आपण आलो की असंच होतं."

मग 68 व्या मिनिटाला पेनल्टी. छेत्रीने बॉल ठेवला, उचलला, तिथे साचलेलं पाणी बुटाने बाजूला सारलं, पुन्हा ठेवला. सगळं स्टेडियम एकदम गप्प, फक्त पत्र्यावर पावसाचा आवाज. गोल झाला आणि पुढचं मला नीट आठवत नाही, कारण माझी छत्री कुणाच्या तरी हातात गेली आणि परत आली नाही. तीनच मिनिटांनी जेजेने दुसरा मारला. शेवटी, जादा वेळेत, छेत्रीने कीपरच्या डोक्यावरून अलगद उचलून तिसरा टाकला. त्या चिखलात, नव्वद मिनिटं धावल्यावर, इतका हलका पाय! काकांचा नातू "छेत्री छेत्री" ओरडत होता, अंगात मेस्सीचा शर्ट तसाच. 10 तारखेला याच स्पर्धेचा, इंटरकॉन्टिनेंटल कपचा, अंतिम सामना पुन्हा केनियाशी झाला, 2-0, दोन्ही छेत्रीचे. ते 64 गोल तिथेच, अंधेरीत पूर्ण झाले.

दुसरी ऐकवायची गोष्ट यातूनच निघते. छेत्रीचा खरा विक्रम गोलांपेक्षा टिकण्याचा आहे. पहिला सामना 12 जून 2005 ला क्वेट्टात, पाकिस्तानविरुद्ध, आणि त्यातच पहिला गोल. शेवटचा, म्हणजे 95 वा, मार्च 2025 मध्ये. वीस वर्षं! या काळात भारताची क्रमवारी 2015 मध्ये 173 पर्यंत घसरली, मग शंभराच्या आत आली, पुन्हा घसरली. प्रशिक्षक आले-गेले. नऊ नंबरवर, म्हणजे सगळ्यात पुढे गोल मारायच्या जागी, खेळणारा दुसरा भारतीय तयारच झाला नाही, कारण क्लबसुद्धा त्या जागी परदेशी खेळाडू आणत राहिले. छेत्री मूळचा नऊ नंबरचाही नाही. उंची जेमतेम 5 फूट 7 इंच, क्लबमध्ये बऱ्याचदा डाव्या बाजूने खेळायचा. पण उडी मारण्याचं टायमिंग असं की सहा फुटी बचावपटूंमधून हेडर काढायचा. आमच्या तालमीतले जुने खेळाडू म्हणतात, हेडर डोक्याने नाही, घड्याळाने मारायचा असतो. ते छेत्रीकडे पाहिलं की पटतं.

परदेशात तो का चमकला नाही, असं तुमचा मित्र विचारेलच. 2009 मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला तीन वर्षांसाठी करारबद्ध केलं होतं. ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं. तेव्हा नियम असा होता की खेळाडूचा देश क्रमवारीत पहिल्या सत्तरांत हवा. त्याचा खेळ मोजलाच गेला नाही, भारताचा मोजला गेला. पुढे 2010 ला अमेरिकेत कॅन्सस सिटी आणि 2012 ला पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचा ब संघ, पण दोन्हीकडे फारसं मैदान मिळालं नाही.

क्लबांची यादी लांब आहे: मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, गोव्याचे डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स (चर्चिलबरोबर 2012-13 ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकली), आणि 2013 पासून बेंगळुरू. बेंगळुरूबरोबर दोन आय-लीग, दोन फेडरेशन कप, 2018 चा सुपर कप, 2018-19 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) आणि 2022 चा ड्युरँड कप. 2016 मध्ये एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचणारा पहिला भारतीय क्लबही तोच, तिथे इराकच्या संघाकडून 0-1 हरले. मधे 2015 मध्ये मुंबई सिटीने लिलावात त्याला 1 कोटी 20 लाखांना घेतलं, आणि नवी मुंबईत नॉर्थईस्टविरुद्ध त्याने आयएसएलमधली भारतीयाची पहिली हॅटट्रिक मारली. आयएसएलच्या इतिहासात सर्वाधिक गोलही त्याच्याच नावावर आहेत.

देशासाठी: नेहरू कप 2007, 2009, 2012, सॅफ 2011, 2015, 2021, 2023, इंटरकॉन्टिनेंटल कप 2018 आणि 2023, आणि वर सांगितलेला चॅलेंज कप. 2011 च्या एकाच सॅफमध्ये त्याचे सात गोल होते.

पुरस्कारांत अर्जुन 2011, पद्मश्री 2019, आणि 2021 मध्ये खेलरत्न. खेलरत्न मिळवणारा तो पहिला फुटबॉलपटू. भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू सात वेळा. हे शेवटचं मी जरा राखूनच सांगतो, कारण एकच माणूस पंधरा वर्षांत सात वेळा सर्वोत्तम ठरतो तेव्हा त्यात त्याचं कौतुक जितकं, तितकीच बाकीच्यांची उणीवही दिसते. 2022 मध्ये फिफाने त्याच्यावर तीन भागांची मालिका काढली, तो मात्र निखळ मान.

आता निवृत्ती, कारण त्यावरही पैजा लागतात. 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध त्याने निरोप घेतला. सामना 0-0, खात्यात 151 सामने आणि 94 गोल. सॉल्ट लेकवर लोक रडत होते, तोही रडला. मग नऊ महिन्यांनी परत आला! त्या मोसमात चाळिशीतला हा माणूस आयएसएलमध्ये 14 गोल करून भारतीयांत पहिला होता. निरोपाचे हार सुकायच्या आत परत बोलवावं लागतं, याची मला थोडी शरमच वाटली. पण सामना लावून बसलो हेही खरं.

शिलाँगला, 19 मार्च 2025, मालदीवविरुद्ध. पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, हाच तो भेके ज्याने 2019 मध्ये अंधेरीतच बेंगळुरूला आयएसएल जिंकून दिली होती. दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा. मग त्याच लिस्टनने डावीकडून बॉल आत टाकला आणि छेत्री नेहमीच्या जागी, नेहमीसारखा अर्धं पाऊल आधी उडालेला. हेडर, 3-0, गोल क्रमांक 95. तिन्ही गोल डोक्यानेच.