हेडसेट नंतर, आधी टेप घ्या

व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवातली दृश्यं बनवायला शिकताय? मग डोळ्यांवर चढवायचा हेडसेट विकत घ्यायची घाई नको. सुरुवातीला साधा ब्राउझर आणि ए-फ्रेम पुरेसं आहे. मोझिलाने २०१५ मध्ये आणलेलं हे फ्रेमवर्क थ्री.जेएसवर, म्हणजे ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं दाखवणाऱ्या कोड-लायब्ररीवर उभं आहे. एचटीएमएल येत असेल तर पहिली खोली एका संध्याकाळीत होते.

पहिला ठोकळा तुम्ही ०, ०, ० वर (एक्स आडवा, वाय उंची, झेड मागे-पुढे) ठेवाल आणि तो दिसणार नाही. बिघडलं काहीच नाही, ठोकळा तुमच्या पायाखाली आहे! कॅमेरा १.६ मीटर उंचीवर असतो आणि समोरची दिशा म्हणजे वजा झेड. तो ०, १, -३ वर न्या.

इथे एक एकक म्हणजे एक मीटर. हे नीट मुरवा, कारण पडद्यावर खपून जाणारं चुकीचं माप हेडसेटमध्ये लगेच खुपतं. म्हणून काल्पनिक राजवाडा नको, टेप घेऊन स्वतःचीच खोली मोजा आणि तीच बांधा. दाराची उंची, खिडकीखालची भिंत, टेबल, सगळं. रोजच्या वावराची जागा असल्याने कुठे चुकलं ते पटकन कळतं. भिंतींचे रंग वगैरे नंतर.

बघणाऱ्याचा कॅमेरा परस्पर फिरवू नका, मळमळतं. दूर न्यायचं असेल तर टेलिपोर्ट, म्हणजे थेट दुसऱ्या जागी उडी द्या. ७२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७२ फ्रेम दाखवणाऱ्या हेडसेटवर एका फ्रेमला जेमतेम १४ मिलिसेकंद मिळतात, त्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं. तेव्हा सावल्या आणि जड मॉडेल्स बेतानेच.

आणि हेडसेटवर व्हीआरचं बटण चालत नसेल तर कोड उसवण्याआधी पान एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) आहे का ते बघा.