शंभरपर्यंत म्हणतो, पण सात लिंबं आणत नाही

प्रश्न : बाई, नमस्कार. नातू पहिलीत आहे. एक ते शंभर घडाघडा म्हणते, पण ‘सात लिंबं आण’ म्हटलं की मूठभर घेऊन येते. काय करावं? – एक आजी, आर्णी तालुका, यवतमाळ

उत्तर : आजी, पोरगं ढ नाही. आकडे त्याला आरतीसारखे पाठ आहेत, मोजणी यायची आहे. चिंचोके घ्या. एक चिंचोका सरकवला की एकच आकडा. घाईत मुलं एका चिंचोक्यावर दोन आकडे म्हणून मोकळी होतात. तिथे हात धरा. सात झाले की विचारा, “किती?” तो पुन्हा एकपासून सुरू झाला, तर शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून किती, हे अजून उमगलेलं नाही. मग तेच चिंचोके दूर दूर पसरवून विचारा. ‘वाढले’ म्हणेल; या वयाची बरीच मुलं म्हणतात. रागावू नका, त्यालाच मोजू द्या.

हे जमलं की तुराटीच्या काड्या. दहाची जुडी सुतळीनं त्यानंच बांधायची. तीन जुड्या, चार सुट्या म्हणजे 34. पुढं 34 मधून 8 काढताना एक जुडी सोडायची : सुट्या 14, त्यातल्या 8 गेल्या, उरल्या 6; बाजूला दोन जुड्या आहेतच, म्हणजे 26. हातचा म्हणतात तो हाच.

बोटं खुशाल वापरू द्या. पाढ्यांची घाई शेजाऱ्यांना असते, लेकराला नाही. केंद्र सरकारच्या 2021 च्या ‘निपुण भारत’ अभियानानंही पायाभूत गणिताला तिसरीपर्यंत मुदत दिली आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत वेळ नसेल, तर जेवायला ताटं त्यालाच मोजून मांडू द्या.