ग्रेहाउंड लंगडतोय, प्लेटलेट आणि थायरॉईड कमी आलेत. डॉक्टर बदलू का?

तुमचा नऊ वर्षांचा, शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड अडीच आठवडे पुढच्या उजव्या पायाने लंगडतोय. खाणं निम्म्यावर आलंय. रक्तात प्लेटलेट कमी म्हणून गोचीडतापाचा कोर्स, थायरॉईड कमी म्हणून त्याची गोळी, आणि पाय मुरगळला असेल म्हणून दुखण्याची गोळी सुरू झालीय. डॉक्टर बदलावा का, चांगला डॉक्टर ओळखायचा कसा आणि तोवर घरी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी एकच सांगते. त्या पायाचा एक्स-रे याच आठवड्यात काढून घ्या, याच डॉक्टरांकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी पशुवैद्य नाही. तीन ग्रेहाउंड सांभाळलेत आणि त्यातल्या दोघांची दुखणी शेवटपर्यंत काढलीत. तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला, कारण आमच्या हरणीचं अगदी असंच झालं होतं. वयही तेच, पायही पुढचाच. प्लेटलेट 1,10,000 आले आणि आम्ही तीन आठवडे गोचीडतापावर उपचार करत बसलो. थायरॉईडची गोळीही सुरू झाली. पायाकडे कुणी नीट पाहिलंच नाही. मीही नाही, कारण रिपोर्टमध्ये लाल अक्षरात काहीतरी दिसत होतं आणि आजार सापडला असं वाटून मी निर्धास्त झाले होते.

ग्रेहाउंडचं रक्त इतर कुत्र्यांसारखं नसतं. प्रयोगशाळा रिपोर्टवर जी 'नॉर्मल' मर्यादा छापते ती सगळ्या जातींची मिळून काढलेली असते. बहुतेक कुत्र्यांत प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतात, पण धडधाकट ग्रेहाउंडमध्ये 80,000 ते 2,00,000 हा आकडा नेहमीचा आहे. पांढऱ्या पेशीही थोड्या कमीच असतात. थायरॉईडचा टी-4 हा हार्मोन या जातीत मुळातच खाली असतो, कित्येकदा छापील मर्यादेच्याही खाली, आणि तेवढ्यावरून आजार ठरत नाही. वजन वाढतंय, कोलेस्टेरॉल चढलंय, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) वाढलंय, अशी जोड असेल तर गोष्ट वेगळी. मांड्यांवरचे केस गेलेत म्हणून थायरॉईड म्हणतात, तेही खरं नाही. ग्रेहाउंडच्या मांड्या निरोगी असतानाही टकल्या असू शकतात. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम बघायचा आकडा, जरा वर दिसतं, कारण अंगावर स्नायू जास्त असतात. ते पाहून मूत्रपिंड गेलं असं मानण्याआधी लघवीची तपासणी करायला सांगा.

याची उलट बाजू जास्त फसवी आहे. तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे रिपोर्टवरचं पीसीव्ही, ग्रेहाउंडमध्ये 50 ते 65 असतं. इतर कुत्र्यांची मर्यादा साधारण 37 ते 55. म्हणजे तुमच्या कुत्र्याचं पीसीव्ही 40 आलं तर कागदावर त्यापुढे काहीच खूण नसेल, पण त्याच्यासाठी ते कमी आहे. रिपोर्ट काढून हा आकडा आधी बघा. थायरॉईडची गोळी मात्र माझ्या सांगण्यावरून बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून ठरवा. गोचीडताप खराच असूही शकतो, शर्यतीतल्या कुत्र्यांत गोचीडांचे आजार आढळतात. पण तो ठरवायला त्याची स्वतंत्र तपासणी आहे. ती केलीय का, हे विचारा.

आता पाय. हरणीला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्या बाईंनी तिला टेबलावर घेतलंच नाही. त्या फरशीवर मांडी घालून बसल्या, आधी तिला हात हुंगू दिला, मग चांगल्या पायापासून सुरुवात केली. बोटांच्या बेचक्या, गाद्या, मनगट, कोपर, खांदा, एकेक करून. दुखऱ्या पायावर मनगटाच्या दोन बोटं वर अंगठा दाबला तेव्हा हरणी ओरडली नाही. तिने फक्त ओठ चाटले आणि मान दुसरीकडे वळवली. डॉक्टरांनी पुन्हा तिथेच दाबलं, पुन्हा तेच. "इथे बघूया," म्हणाल्या. एक्स-रेमध्ये तेवढ्या जागी हाड कसर लागल्यासारखं दिसत होतं. हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा.

तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाहीये. पण ग्रेहाउंडमध्ये हा कॅन्सर इतर जातींपेक्षा बराच जास्त आढळतो, त्यामुळे सात-आठ वर्षांपुढचा ग्रेहाउंड पंधरा दिवसांहून जास्त लंगडत असेल तर एक्स-रेशिवाय 'मुरगळला' हे उत्तर मान्य करू नका. पुढच्या पायात तो बहुधा कोपरापासून दूर असतो, म्हणजे मनगटाच्या वर किंवा खांद्यापाशी. मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास. दुखण्याच्या गोळीने काही दिवस चाल सुधारते आणि आपण फसतो. ही जात बारीकशा काट्याला आकाशपाताळ एक करते आणि खऱ्या दुखण्यात गप्प बसते, हेही लक्षात असू द्या.

त्याचबरोबर दुसरी शक्यता तपासा, आणि ती तुम्ही आत्ता घरीच पाहू शकता. ग्रेहाउंडच्या पंजाच्या गादीवर कुरूप होतं, माणसाच्या तळपायाला होतं तसं. आमचा दुसरा कुत्रा, बाजी, फरशीवर तीन पायांवर चालायचा आणि गवतावर पाऊल पडताच सरळ. मी आठवडाभर कॅन्सरच धरून बसले होते. पंजा ओला करून उजेडात धरला तर मधल्या बोटाच्या गादीत मसुराएवढी, कडक, फिकट गोल चकती दिसली. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की पाय खेचून घ्यायचा. कुरूप पुढच्या पायांच्या मधल्या दोन बोटांना जास्त होतं. डॉक्टर ते कोरून काढतात, पुन्हा आलं की पुन्हा काढावं लागतं, आणि आता बोटाकडे जाणारा एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) कापून गादीवरचा भार कमी करण्याची शस्त्रक्रियाही करतात. तुमच्या कुत्र्याला कुरूप सापडलं तर मला मनापासून आनंद होईल. पण सापडलं तरी एक्स-रे काढाच, दोन्ही एकत्र असू शकतं.

डॉक्टर बदलू का? लगेच नको. आधी याच डॉक्टरांना विचारा की ग्रेहाउंडच्या रक्ताच्या मर्यादा वेगळ्या असतात असं वाचलं, आपण रिपोर्ट त्या नजरेने एकदा बघूया का. उत्तरापेक्षा तोंडाकडे बघा. "मला माहीत नव्हतं, बघून उद्या फोन करतो" असं म्हणून जो खरंच फोन करतो, त्याला सोडू नका. सगळ्या डॉक्टरांना सगळ्या जातींची खोडी ठाऊक असणं शक्य नाही. जो हात झटकून "कुत्रा तो कुत्रा" म्हणतो आणि एक्स-रे टाळतो, तिथे थांबू नका. आमच्या पहिल्या डॉक्टरांना मी वाईट म्हणणार नाही, पण मी तीनदा विचारलं आणि तीनदा तेच ऐकलं. दुसऱ्यांदाच उठायला हवं होतं.

शोधायचं कुठे? निवृत्त ग्रेहाउंडना घरं मिळवून देणाऱ्या संस्था सगळ्यात उपयोगी. त्यांच्या हातून वर्षाला कितीतरी कुत्रे जातात, ते कोणाकडे भूल देतात आणि दात साफ करतात ते विचारा. दुसरी युक्ती मला फार उशिरा कळली. ज्या दवाखान्यात कुत्र्यांचं रक्त साठवतात तिथे चौकशी करा. ग्रेहाउंडचं रक्त पुष्कळदा कुठल्याही कुत्र्याला चालणाऱ्या गटाचं असतं, म्हणून ते रक्तदाते असतात आणि तिथल्या लोकांना त्यांचे आकडे तोंडपाठ असतात. पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ असेल तर तिथे शस्त्रक्रियेचे आणि कॅन्सरचे वेगळे तज्ज्ञ मिळतात.

फोनवर दोन प्रश्न विचारा, एक भुलेबद्दल आणि एक शस्त्रक्रियेबद्दल. पहिला, ग्रेहाउंडला भूल कुठली देता? त्यांचं यकृत काही औषधं सावकाश मोडतं आणि अंगावर चरबी कमी असते. थायोपेंटालसारख्या जुन्या औषधातून ते तासन् तास बाहेर येत नाहीत. ते औषध ग्रेहाउंडला वापरत नाही, हे ऐकायला मिळायला हवं. शरीर पटकन गार पडतं, म्हणून ऊब कशी देता तेही विचारा.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. शस्त्रक्रियेनंतरच्या रक्तस्रावाचं काय करता? ग्रेहाउंडमध्ये शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, रक्त गोठण्याच्या चाचण्याही बरोबर येतात, आणि दीड-दोन दिवसांनी जखमेभोवती रक्त उतरू लागतं, कारण झालेली गुठळी शरीरच लवकर विरघळवतं. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2008 मध्ये 88 निवृत्त ग्रेहाउंडच्या नसबंदीनंतर पाहिलं, तर साधारण एक चतुर्थांश कुत्र्यांत असं झालं होतं. गुठळी टिकवणारी औषधं आहेत, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड किंवा अमिनोकॅप्रोइक अ‍ॅसिड. जाणकार डॉक्टर मोठ्या शस्त्रक्रियेत ती आधीपासून देतात. हरणीचा पाय काढला तेव्हा दिली होती, तरी दुसऱ्या रात्री छातीपासून पोटापर्यंत ती काळीनिळी झाली. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून मी हिरड्यांचा रंग पाहिला, फोन केला, आणि रात्रीच तिला पुन्हा नेलं. घरी सोडताना काय बघायचं आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे लिहून घ्या.

कॅन्सर निघालाच, तर पुढचे आकडे मला कुणी सुरुवातीलाच सांगितले असते तर बरं झालं असतं. नुसता पाय काढला तर बहुतेक कुत्र्यांना चार-पाच महिने मिळतात, केमोथेरपीची जोड दिली तर दहा-बारा महिने, आणि थोड्यांना त्याहून बरंच जास्त. पाय काढण्याआधी छातीचा एक्स-रे हवा, आणि उरलेल्या तीन पायांची व कण्याची नीट तपासणी हवी. पाय काढायचा नसेल तर वेदना कमी करण्यापुरते किरणोपचार आणि हाडाला बळ देणारी औषधं असतात. हरणी अकरा महिने राहिली, त्यातले नऊ फार चांगले. पाय काढून पाचव्या दिवशी ती स्वतः उठून पाण्यापर्यंत गेली.

एक्स-रे होईपर्यंत उड्या, जिने, धावणं पूर्ण बंद. हाड पोखरलेलं असेल तर एका उडीत मोडतं. फिरायला फक्त लघवी-शीपुरतं, पट्टा लावून. ग्रेहाउंडचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, दुखण्यात बिथरला तर साध्या पट्ट्यातून निसटेल, म्हणून ओढलं की आवळणारा रुंद पट्टा किंवा छातीचा हार्नेस वापरा. गुळगुळीत फरशीवर झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत चटया टाका. अंथरूण जाड हवं. कातडी पातळ, अंगावर मांस कमी, त्यामुळे कोपरं आणि कुल्ले दोन-तीन दिवसांत सोलवटतात. स्वतः कूस बदलत नसेल तर दर चार तासांनी तुम्ही बदला, पण झोपेत हात लावू नका, आधी हाक मारा. काही ग्रेहाउंड दचकून चावतात.

खाणं कमी झालंय ते दुखण्यामुळे, औषधामुळे की दातांमुळे, हे वेगळं करा. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट बिघडतं. उलटी किंवा काळी शी दिसली तर पुढची गोळी न देता फोन करा. या जातीचे दात फार लवकर कुजतात, तोंड उघडून मागच्या दाढा बघा. अन्न कोमट करून थोडं थोडं, चार वेळा द्या, आणि भांडं उंचावर ठेवा म्हणजे दुखऱ्या पायावर वाकावं लागणार नाही. माणसांची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अजिबात देऊ नका. दुखण्याच्या गोळीबरोबर स्टेरॉइड कुणी दिलं असेल तर आजच विचारा, ती दोन्ही एकत्र चालत नाहीत.

उद्या सकाळी त्याला चालवून दोन छोटे व्हिडिओ काढा, एक फरशीवर, एक गवतावर. दवाखान्यात घाबरून ग्रेहाउंड एकदम नीट चालायला लागतात आणि त्यांचा रक्तदाबही तिथे उगाच वाढलेला दिसतो. झोपेत असताना मिनिटाला श्वास किती घेतो ते मोजून लिहा; तीसच्या आत हवेत. रक्ताच्या रिपोर्टांच्या प्रती मागून घ्या. त्या तुमच्या आहेत, मागायला संकोच करू नका. आणि पोट एकाएकी फुगलं, उलटीचा जोर येतोय पण काही पडत नाही, किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर रात्र असो की पहाट, मिळेल त्या दवाखान्यात लगेच निघा.