हिमोग्लोबिन ९.८ आहे, दीड महिन्यावर टमी टक (पोटाची सैल कातडी काढायची सर्जरी) ठरलंय. करू की पुढे ढकलू?

पुढे ढकला. ही सर्जरी तातडीची नाही, थांबल्याने काही बिघडत नाही. ९.८ वर मात्र थोडा रक्तस्राव झाला तरी रक्त चढवायची वेळ येऊ शकते. शिवाय टमी टकमध्ये पोटाची कातडी मोठ्या भागावर सोडवून खाली ओढतात. तिच्या कडेला आधीच रक्तपुरवठा कमी असतो, त्यात ॲनिमिया (रक्तातलं हिमोग्लोबिन कमी) असेल तर जखम भरायला वेळ लागतो.

हिमोग्लोबिन किमान १२, जमल्यास १३ होऊ द्या. लायपोसक्शनही (नळीने चरबी ओढून काढणं) सोबत असेल तर १३ चाच आग्रह धरा.

आधी रक्त तपासून कारण शोधा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून किती लोह वाहून नेलं जातंय), बी१२. फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोह कमीच. पाळीत जास्त रक्त जातं का, शौच काळी होते का, हेही डॉक्टरांना सांगा. रक्ताची गळती चालू राहिली तर लोहाच्या गोळ्या पुरणार नाहीत.

गोळीवरचा मोठा आकडा फसवतो. फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिलिग्रॅमच असतं. रोज किंवा एक दिवसाआड एक गोळी, रिकाम्या पोटी. चहा, कॉफी, कॅल्शियम दोन तास लांब. चार आठवड्यांनी पुन्हा सीबीसी करा. १ ने तरी वाढलं नाही, किंवा गोळ्या सोसत नसतील, तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. शौच काळसर होणं गोळ्यांमुळेच, पण डांबरासारखी चिकट झाली तर लगेच दाखवा.