टर्फवर खेळणाऱ्या माझ्या मुलीची महिन्याभरात फुटबॉल ट्रायल आहे, तिने कशी तयारी करावी?

आपली १५ वर्षांची मुलगी घोडबंदर रोडवरील टर्फवर नियमित खेळते, महिन्याभराने नेरुळला एका क्लबच्या ट्रायलला जाणार आहे, आणि तोवर तिने नेमके काय करावे असे आपण विचारले आहे. मी नवी मुंबईत मुला-मुलींना फुटबॉल शिकवतो आणि निवड करणाऱ्यांमध्येही अनेकदा बसलो आहे, त्यामुळे त्या बाजूने जे दिसते तेच सांगतो.

मला सर्वांत जास्त काळजी मैदानाच्या आकाराची वाटते. आपल्याकडची बहुतेक मुले जाळी लावलेल्या छोट्या टर्फवर, पाच-सहा जणांच्या संघात तयार होतात. तिथे पाय चपळ होतात आणि चेंडूवर ताबा येतो, हे खरेच आहे. परंतु पूर्ण मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, आणि तिथे उतरल्यावर ही मुले चेंडूमागे घोळक्याने धावतात, बाजूच्या रेषेपर्यंत पसरत नाहीत आणि लांबचा पास देण्याचा विचारही करत नाहीत. म्हणून या महिन्यात आठवड्यातून दोनदा तरी तिला मोठ्या मैदानावर, अकरा जणींच्या संघातून खेळायला मिळेल अशी व्यवस्था करा, मग त्यासाठी ट्रान्स-हार्बर लोकलने इकडे यावे लागले तरी चालेल.

पूर्ण ९० मिनिटांच्या सामन्यातही एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटे असतो, आणि ट्रायलमधले सामने तर त्याहून पुष्कळ छोटे असतात. त्यामुळे आम्ही मुख्यतः चेंडू नसतानाचा खेळ पाहतो. चेंडू येण्याआधी ती मान वळवून मागे पाहते का, चेंडू गमावल्यावर लगेच परत धावते का, सहकारी मुलींना ‘मॅन ऑन’ (मागे प्रतिस्पर्धी आहे), ‘टर्न’ (वळायला जागा आहे) असे वेळेवर ओरडून सांगते का, या गोष्टी बाहेरून फार स्पष्ट दिसतात. चेंडू मिळण्यापूर्वी आजूबाजूला वारंवार पाहणाऱ्या खेळाडूंचे पास अधिक अचूक जातात, हे नॉर्वेचे अभ्यासक गेयर यॉर्डेट यांनी इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या निरीक्षणातून दाखवले आहे. हा सराव सोसायटीच्या आवारातही होतो. आपण तिला पास द्यावा, तिच्या मागे उभ्या असलेल्या कोणीतरी बोटे दाखवावीत आणि तिने चेंडू पोहोचण्यापूर्वी मागे पाहून आकडा सांगावा. पहिला स्पर्श मात्र नेहमी मोकळ्या बाजूलाच व्हायला हवा. ट्रायलमध्ये एकमेकींना न ओळखणाऱ्या मुली स्वतःचे कौशल्य दाखवण्याच्या नादात पास देत नाहीत, आणि अशा वेळी साधा पास देऊन लगेच नव्या जागी जाणारी मुलगी माझ्या वहीत सर्वांत आधी नोंदली जाते.

महिन्याभरात दमसास थोडाच वाढेल, पण घाईने धावणे दुप्पट केले तर दुखापत मात्र नक्की ओढवू शकते. या वयाच्या मुलींमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून प्रत्येक सरावाआधी ‘फिफा इलेव्हन प्लस’ हा सुमारे २० मिनिटांचा वॉर्म-अप करायला लावा. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या व्यायामांमुळे एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे आढळले होते. शेवटचे दोन दिवस हलका सराव पुरे.

बूट नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या, कारण ट्रायलच्या दिवशी पायाला फोड येणे परवडणारे नाही. मैदान कृत्रिम गवताचे आहे का, हे आधी विचारून त्यानुसारच स्टड, म्हणजे बुटांच्या तळाचे खुंट, निवडा. शिन गार्ड विसरू नका. सकाळी दोन-तीन तास आधी पोहे किंवा इडली आणि नंतर एखादे केळे पुरेसे आहे. इथल्या दमट हवेत घाम फार जातो, तेव्हा आदल्या दिवसापासूनच पाणी नीट प्यायला सांगा. जन्मदाखला, आधार कार्ड आणि फोटो सोबत ठेवा. अर्जात तिची मैदानावरची रोजचीच जागा लिहा. कुठेही खेळेन असे लिहिणाऱ्या मुलीला जिथे माणूस कमी असेल तिथे उभे केले जाते.

नोंदणीचे शुल्क काही ठिकाणी असते आणि त्यात गैर काही नाही, परंतु निवड नक्की करून देतो असे सांगून कोणी वेगळी रक्कम मागितली तर ती देऊ नका आणि क्लबच्या कार्यालयात थेट चौकशी करा.