एम.एड. आणि पीएच.डी.च्या गरजू विद्यार्थ्यांसाठी माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या कशा गोळा कराव्यात? धनादेश-वितरणाचा सोहळा ठेवला तर देणगीदार वाढतील का? मोठे देणगीदार कसे गाठावेत आणि आवाहनपत्रात काय लिहावं?

सोहळा ठेवू नका. मोठे देणगीदार कसे गाठावेत, आवाहनपत्रात काय लिहावं, हेही तुम्ही विचारलंय, त्याकडे येते. पण ते 'धनादेश-वितरण' वाचलं आणि राहवलं नाही. मी एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात एम.एड.ला शिकवत होते आणि निवृत्त होईपर्यंत विद्यार्थी साहाय्य निधीचं काम माझ्याकडे होतं. याच सोहळ्यावरून आमच्या संस्थेत मोठा वाद झाला आणि त्यात मी एका बाजूला उभी होते. तेव्हा हे उत्तर तटस्थ आहे असं समजू नका.

आधी एम.एड. करतं कोण ते बघा. वयाने मोठी माणसं असतात. बहुतेकांचं बी.एड. होऊन काही वर्षं गेलेली असतात. कुणी विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर असतं, कुणी तासिका तत्त्वावर, कुणाला लहान मूल असतं. २०१५-१६ पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाल्यावर ओढाताण आणखी वाढली. पात्र विद्यार्थ्यांची फी महाडीबीटीतून, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून, कधी ना कधी येते. पण प्रश्नावली छापायची, माहिती संकलनासाठी चार तालुके फिरायचं, लघुप्रबंधाचं टंकलेखन आणि बांधणी करायची, त्यासाठी शाळेतून बिनपगारी रजा काढायची, या खर्चासाठी कुठल्याही योजनेत रकाना नाही. पीएच.डी.चंही तेच. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळालेल्याला महिना ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती मिळाली तर तोही संशोधक तग धरतो. यातलं काहीच नसलेला माणूस स्वतःच्या खिशातून संशोधन करतो, किंवा करायचं थांबतो.

आमच्याकडची एम.एड.ची एक विद्यार्थिनी अशीच अर्ध्यावर अडली. आश्रमशाळेतल्या मुलांना पाठ्यपुस्तकाची भाषा कुठे अडते, हा तिचा विषय. घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी, आणि शिक्षक तिसऱ्याच जिल्ह्यातले. मी तिची मार्गदर्शक होते. माहिती गोळा करायचं साधन तयार होतं, तज्ज्ञांनी तपासलेलं होतं. जवळच्या दोन आश्रमशाळांतली माहिती आली आणि तिसरं प्रकरण जे थबकलं ते पुढे सरकेना. एक दिवस केबिनमध्ये आली, खुर्चीत बसलीसुद्धा नाही, आणि म्हणाली, "मॅडम, नमुना कमी केला तर चालेल का?" वरच्या डोंगराळ भागातल्या शाळा तिने यादीतून पेन्सिलीने खोडल्या होत्या. नेमक्या ज्या शाळांसाठी हा विषय घेतला होता, त्याच. कारण तिने सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

निधीत तेव्हा पैसे होते. संस्थेच्या सचिवांनी उत्साहाने माजी विद्यार्थी मेळावा घेतला होता, त्यातून बरी रक्कम जमली होती. फक्त अट अशी की मदत वार्षिक समारंभात, व्यासपीठावर, पाहुण्यांच्या हस्तेच घ्यायची. थर्माकोलचा हातभर धनादेश, त्यावर मार्करने नाव आणि रक्कम, निवेदकाने 'आपल्या महाविद्यालयातील गरजू विद्यार्थिनी' असं पुकारायचं, फोटो, आणि तो फोटो दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पुरवणीत.

तिने नकार दिला. आवाज न चढवता म्हणाली, "माझ्या वर्गातल्या मुलांचे आईवडील असतील तिथे. उद्या मी त्यांना कुठल्या तोंडाने विचारू की वह्या का घेतल्या नाहीत?"

मी हा मुद्दा बैठकीत मांडला. पैसे थेट खात्यात जमा करू, नाव फक्त हिशेबात राहील, असं सुचवलं. सचिव म्हणाले, "ज्याला गरज आहे तो येईल. येत नाही म्हणजे गरज नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि तिची रक्कम कायम ठेवीत वळवली. तिने दोन शाळांवरच लघुप्रबंध पूर्ण केला, पदवी मिळवली. तो ग्रंथालयात आहे. त्यातलं शेवटचं प्रकरण वाचलं की कळतं, मुलगी कुठपर्यंत जाऊ शकली असती. मला आजही त्या वाक्याचा राग आहे आणि तो जावा असं वाटत नाही.

सचिवांचं म्हणणं होतं की देणगीदाराला फोटो लागतो, फोटो नसेल तर पुढच्या वर्षी पैसे आटतात. तुमच्याकडेही कुणीतरी हेच म्हणत असणार, म्हणून तुम्ही विचारताय. तर पुढच्या वर्षापासून आम्ही दोघीतिघींनी काय केलं ते सांगते. जुन्या तुकड्यांच्या याद्या काढल्या आणि प्रत्येक तुकडीतल्या एकीला किंवा एकाला धरलं. मेळावा नाही, पत्रक नाही. शिक्षणशास्त्र महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी म्हणजे शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी. कारखानदार नाही. एकरकमी मोठी देणगी त्यांना जमत नाही, पण महिन्याला ठरावीक रक्कम वर्षानुवर्षं देणारा वर्ग हाच. पगाराच्या आठवड्यात विचारायचं, वेतनवाढ लागते त्या जुलैत विचारायचं. आणि अठ्ठावन्न पूर्ण होऊन निरोप समारंभ होतो, त्यानंतरच्या महिन्यात एकदा घरी जाऊन यायचं. त्या दिवसांत माणूस मागे वळून बघत असतो. माझं बी.एड. कुणी करून दिलं, फी कुणी भरली, हे त्याला तेव्हा आठवतं.

आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला एक पानाचा हिशेब. नावं नाहीत. 'एक विद्यार्थी, प्रश्नावली छपाई व दोन तालुक्यांतील प्रवास.' 'एक विद्यार्थिनी, तीन महिन्यांचे वसतिगृह शुल्क.' रक्कम पुढे. एवढंच.

पहिला हिशेब गेल्यावर एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला. मला वाटलं पावतीचं काही राहिलं. ते म्हणाले, "माझ्या पैशातून जी प्रश्नावली छापली, तिची उत्तरं काय आली?" त्यांना फोटो नको होता, निष्कर्ष हवा होता. तिसरीच्या मुलांना वजाबाकीत हातचा घेताना नेमकं काय चुकतं यावरचं ते काम होतं आणि या माणसाने आयुष्यभर तेच शिकवलं होतं. मी त्यांना फोनवर सांगितलं तर ते वाद घालायला लागले, नमुन्यात एकशिक्षकी शाळा घेतल्या होत्या का म्हणून. तेव्हापासून हिशेबाच्या पानामागे आम्ही झालेल्या संशोधनांचे चार-पाच ओळींचे सारांश छापायला लागलो. ते सुरू केल्यावर देणग्या वाढल्या, कमी झाल्या नाहीत. इंजिनिअरिंग कॉलेजच्या निधीला ही सोय नाही. तुमचा देणगीदार तुमच्या विद्यार्थ्याच्या विषयातला जाणकार आहे. त्याला टाळ्या वाजवायला बोलावण्यापेक्षा वाचायला द्या.

सचिव भाषणात महर्षी कर्व्यांचं उदाहरण द्यायचे की ठाकरसींचे १५ लाख मिळाले म्हणून महिला विद्यापीठ उभं राहिलं. मिळाले, १९२० मध्ये. पण कर्वे अनाथ बालिकाश्रमासाठी १८९६ पासून लहान लहान रकमा मागत हिंडत होते, ते त्या भाषणात येत नसे. आणि विद्यापीठाला नाव लागलं ते ठाकरसींच्या आईचं, नाथीबाईंचं. देणाऱ्याला नाव हवं असणं मला मुळीच गैर वाटत नाही. आईच्या नावाने द्या, गुरुजींच्या नावाने द्या, दालनावर पाटी लावा. घेणाऱ्याचं नाव पुकारू नका, एवढंच माझं म्हणणं तेव्हाही होतं. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षं. ठरलेली रक्कम, ठरलेली मुदत, दर महिन्याला. शिकणाऱ्याला असाच पैसा कामी येतो. एका संध्याकाळी हातात पडलेली रक्कम घरच्या देण्यात जाते.

'व्याजातून पारितोषिक' या प्रकाराला माझा ठाम विरोध आहे. १०,००० रुपयांची ठेव, सात टक्के धरले तरी वर्षाला ७०० रुपये. आमच्याकडे अशा ठेवींची पानभर यादी होती आणि सगळ्यांचं व्याज एकत्र केलं तरी एका विद्यार्थ्याचं सत्र निघत नव्हतं. शिवाय पहिल्या आलेल्यालाच ते मिळणार. लोकांनी श्रद्धेने दिलेल्या ठेवी आहेत, मोडता येत नाहीत. निदान नव्या घेऊ नका, 'यंदा खर्च करायला द्या' असं सांगा.

"डॉक्टर-इंजिनिअरला देऊ, मास्तरांना कशाला" असं ऐकावं लागेल. कर्मवीरांनी १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, कारण नुसत्या शाळा काढून भागत नाही हे त्यांना कळलं होतं. एम.एड. झालेला माणूस पुढे बी.एड., डी.एल.एड.च्या तुकड्या शिकवतो, त्यातला एकेक जण वर्गात उभा राहतो. हे शांतपणे सांगा, पटतं.

मोठ्या देणगीदारांबद्दल थोडंच सांगते. कंपन्यांच्या सीएसआरसाठी, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी, संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. ती असली तरी कंपन्यांना इमारत, संगणक, टॅब असं दिसणारं काही हवं असतं, विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चात त्यांना रस नसतो. पहिलं वर्ष त्यात घालवू नका. देणगीदाराला करसवलत मिळते ती ८०जीची नोंदणी करून घ्या, पण आवाहनाची सुरुवात करसवलतीने करू नका. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती सवलत मिळतच नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीलाही नाही. पॅन घ्या, पैसे खात्यात घ्या, देणग्यांचं विवरण ३१ मेच्या आत भरा आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र पाठवा. ते वेळेत न मिळाल्याने दुखावलेला देणगीदार परत येत नाही.

आवाहनपत्रात संस्थेचा इतिहास नको. यंदा किती विद्यार्थी, कोणत्या खर्चात अडलेत, किती पैसे लागतील, कोणत्या तारखेपर्यंत, हिशेब कधी मिळेल. एवढं मावेल एवढंच पत्र लिहा आणि खाली अशा कुणाची सही घ्या जिने त्यांना शिकवलंय.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. नाव गुप्त ठेवलं की वशिल्याची शंका येते आणि ती रास्त आहे. म्हणून मार्गदर्शकाने फक्त शिफारस करावी, निर्णय इतर तिघांनी घ्यावा, त्यात निदान एक बाहेरचा माजी विद्यार्थी असावा. नावं लेखापरीक्षकाला दाखवावीत. अर्ज एका पानाचा ठेवा, उत्पन्नाचा दाखला महाडीबीटीसाठी काढलेलाच चालवा, आणि 'माझी परिस्थिती' असा निबंध कुणाकडून लिहून घेऊ नका. फीच्या हप्त्यापायी कोण कॉलेजात यायचं बंद झालंय हे कार्यालयातल्या लेखनिकाला आणि ग्रंथालयातल्या परिचराला प्राध्यापकांच्या आधी कळतं. त्यांना विचारा.

परदेशातले माजी विद्यार्थी असतील तर पैसे घेण्याआधी पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. नागरिकत्व बदललेल्याचे ठरतात, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी. त्यासाठी एफसीआरए या विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. ते नसेल तर त्यांना नम्रपणे नाही म्हणा, आणि इथे राहणाऱ्या त्यांच्या तुकडीतल्या मैत्रिणींचे नंबर तेवढे मागून घ्या.